डावा पाय रजेवर

शोरूममधून नवी ऑटोमॅटिक गाडी निघते. बोनेटवर झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू, मागच्या सीटवर पेढ्यांचा खोका. चालवणारा वीस-पंचवीस वर्षं मॅन्युअल गाडी चालवलेला, हात बसलेला माणूस. घराजवळच्या वळणावर पहिला स्पीडब्रेकर येतो आणि सवयीने डावा पाय क्लच शोधत पुढे सरकतो. क्लच नसतोच. त्या जागेच्या आसपास ब्रेकचं रुंद पेडल असतं. पाय त्यावर पडतो आणि क्लच दाबावा तसा ते थेट तळापर्यंत दाबतो. गाडी जागच्या जागी थिजते, पेढ्यांचा खोका पुढे येतो आणि मागचा स्कूटरवाला नशीब बलवत्तर म्हणून वाचतो.

यात चालवणाऱ्याच्या कौशल्याचा दोष नाही, दोष पायाच्या शिक्षणाचा आहे. डाव्या पायाला वर्षानुवर्षं दोनच गोष्टी शिकवलेल्या असतात: पूर्ण दाबायचं आणि हळूहळू सोडायचं. ब्रेकला लागतात त्या छटा, म्हणजे थोडं, अजून थोडं, जरा सैल, पुन्हा थोडं, या उजव्या पायालाच येतात. त्यामुळे ऑटोमॅटिक गाडी घेतल्यावर पहिलं काम म्हणजे डाव्या पायाला रजेवर पाठवणं. डावीकडे टेकायला जी पट्टी असते तिच्यावर तो ठेवायचा आणि तिथून हलवायचा नाही. पहिले आठ-दहा दिवस तो पाय मुद्दाम थोडा मागे, सीटजवळ ओढून घेतला तरी चालेल. अंतर वाढलं की सवयीचा हल्ला परतवायला क्षणभर वेळ मिळतो.

दोन पेडलं आणि दोन पाय, मग वाटणी का करू नये, असं काही जण विचारतात. रॅलीच्या शर्यतींत १९६०च्या दशकात फिनलंडच्या चालकांनी डाव्या पायाने ब्रेक दाबण्याचं तंत्र गाजवलं आणि आजचे फॉर्म्युला वनचे चालकही तसंच करतात, हे खरं आहे. पण तो पाय त्यांनी हजारो तास घडवलेला असतो. शिवाय त्यांच्या मागे बेस्टची बस नसते. रोजच्या रस्त्यावर डावा पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवणाऱ्याचे मागचे लाल दिवे सतत पेटलेले राहतात, त्यामुळे मागच्याला खरा ब्रेक कधी लागला ते कळतच नाही, पॅड घासत राहतात आणि घाबरल्याक्षणी दोन्ही पाय एकदम खाली जातात. ब्रेकही आणि रेसही.

उजव्या पायाची बैठक मात्र नीट शिकावी लागते. टाच ब्रेकच्या पेडलासमोर जमिनीवर टेकवायची आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त पुढचा पंजा उजवीकडे वळवायचा. टाच ॲक्सिलरेटरसमोर ठेवली, तर ब्रेकसाठी पूर्ण पाय उचलून न्यावा लागतो आणि गडबडीत तो निम्म्या वाटेतच उतरतो. सीट इतकी पुढे हवी की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पायात मागून पट्टा नसलेली चप्पल नको. पावसाळ्यात ओली रबरी स्लिपर घालून गाडी चालवणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, पण त्याला इलाज नाही.

पेडल चुकण्याची गोष्ट किरकोळ वाटेल, पण तिच्यापायी एक मोठी कंपनी अमेरिकेत जवळजवळ झोपली होती. १९८६च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने दाखवलं, की ऑडी ५००० ही ऑटोमॅटिक गाडी आपोआप सुसाट सुटते. चालक शपथेवर सांगत होते, की पाय ब्रेकवरच होता. ऑडीची अमेरिकेतली विक्री १९८५मध्ये वर्षाला सुमारे ७४,००० होती, ती १९९१पर्यंत १२,०००वर आली. १९८९मध्ये तिथल्या सरकारी वाहतूक सुरक्षा यंत्रणेचा अहवाल आला आणि त्यात बहुतेक घटनांचं कारण निघालं पाय चुकीच्या पेडलवर पडणं. गाडी पुढे गेली म्हणून चालक 'ब्रेक' अधिक जोरात दाबत होता, आणि तो ब्रेक नव्हताच. या प्रकरणातून एक सोय मात्र रुजली. ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय गिअरचा दांडा 'पी'मधून हलत नाही, ती आजच्या गाड्यांमधली व्यवस्था त्याच काळातली. गाडी बिघडली की काय, असं वाटून नवखा माणूस ज्या अडवणुकीवर चिडतो, ती हीच.

टोकियोच्या इकेबुकुरो भागात १९ एप्रिल २०१९ रोजी ८७ वर्षांच्या एका चालकाची गाडी भरधाव सुटली आणि एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी त्यात गेल्या. चालकाने गाडीत बिघाड असल्याचं सांगितलं. न्यायालयाने २०२१मध्ये ते मान्य केलं नाही, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला असं ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली. आपल्याकडे गुडघे दुखतात म्हणून उतारवयात ऑटोमॅटिक घेणारे पुष्कळ आहेत, आणि तो निर्णय योग्यच आहे. फक्त त्यांनी एक नियम पाळावा. पार्किंगमध्ये, गेटमध्ये, रिव्हर्स घेताना गाडीने अपेक्षा नसताना उसळी मारली, तर पायाखालचं पेडल आणखी दाबायचं नाही. पाय पूर्ण उचलायचा आणि डावीकडचं पेडल नव्याने दाबायचं.

कधीकधी पेडल खरोखर अडकतंही. २००९च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्ससमधले चार जण मरण पावले. त्या गाडीत दुसऱ्या मॉडेलची मॅट टाकलेली होती आणि तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला होता. गाडी चालवणारा महामार्ग पोलिस दलातला अनुभवी अधिकारी होता, तरीही. आपल्याकडे कंपनीच्या मॅटवर बाजारातली रबरी मॅट आणि तिच्यावर पावसाळ्यात वर्तमानपत्र, असे थर चढवण्याची पद्धत आहे. चालकाच्या पायाशी एकच मॅट हवी आणि तीही हुकात अडकवलेली. सीटखाली लोळणारी पाण्याची बाटली हा दुसरा शत्रू. ती घरंगळत ब्रेकच्या पेडलामागे गेली, की ब्रेक दाबलाच जात नाही.

ॲक्सिलरेटर अडकलाच तर क्रम असा: ब्रेक एकदाच, जोरात, आणि धरून ठेवायचा, मग दांडा 'एन'मध्ये. इंजिन बोंबलेल, बोंबलू द्यावं. ब्रेक सोडून-दाबून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. पेट्रोल गाडीत ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनने तयार केलेल्या निर्वात पोकळीवर चालतो. रेस पूर्ण उघडी असताना ती पोकळी तयार होत नाही, साठलेली दोन-तीन वेळा दाबण्यात संपते आणि पेडल दगडासारखं होतं. गाडी रस्त्याकडेला थांबली की मग इंजिन बंद. धावत्या गाडीचं इंजिन बंद केलं, तर स्टिअरिंगही जड होतं.

आता शहरातलं रोजचं चालवणं. इथे आपली ऑटोमॅटिक नेमकी कोणत्या जातीची आहे, हे माहीत असलेलं बरं. भारतात स्वस्त ऑटोमॅटिकची लाट आली ती २०१४मध्ये, मारुतीच्या सेलेरिओपासून. तिच्यातली एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लचही आहे, प्लेटही आहे, फक्त पायाऐवजी यंत्र ती दाबतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्समधला दुवा तेलाचा असतो. सीव्हीटीत पट्टा आणि दोन पुली, आणि डीसीटीत दोन क्लच. बाहेरून सगळ्यांवर 'ऑटोमॅटिक' एवढीच पाटी, पण ब्रेकशी प्रत्येकीचं नातं वेगळं.

टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीच्या गाडीत 'डी' टाकून ब्रेक सोडला, की गाडी रेस न देता पायी चालल्याच्या वेगाने सरकू लागते. नव्या माणसाला याची धास्ती वाटते, खरं तर ही मोठी सोय आहे. पार्किंगमध्ये, बंपरला बंपर लागलेल्या रांगेत ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचीच गरज नाही. वेग ठरतो ब्रेक किती सोडला यावर. ऑटोमॅटिक चालवण्याची कला ब्रेक दाबण्यात थोडी आणि सोडण्यात जास्त आहे. थांबतानाही तेच. गाडी पूर्ण थांबण्याच्या शेवटच्या हातभर अंतरात दाब किंचित सैल करायचा आणि थांबली की पुन्हा पक्का. असं केलं नाही तर माना पुढे-मागे डुलतात आणि मांडीवर आमटीचा डबा घेऊन बसलेली व्यक्ती पुन्हा त्या चालकाबरोबर बसत नाही.

सिग्नलला काय करावं, यावर सोसायटीच्या कट्ट्यावर तावातावाने वाद होतात. उत्तर तेवढं अवघड नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटाचा सिग्नल असेल तर 'डी'मध्ये ब्रेक घट्ट दाबून थांबावं. टायमर शंभराच्या वरचा आकडा दाखवत असेल तर 'एन' आणि हँडब्रेक, पायालाही विश्रांती. सिग्नलला 'पी' नको, कारण मागून धक्का बसला तर तो थेट गिअरबॉक्समधल्या छोट्या खुंटीवर येतो. खरी चूक तिसरीच आहे आणि ती एएमटी आणि डीसीटीच्या गाड्यांत होते: ब्रेक अर्धवट धरून गाडी इंचाइंचाने सरकवत ठेवणं. त्यात क्लच अर्धा लागलेला राहतो आणि झिजतो, तापतो. अशा गाडीत पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी, मग ब्रेक पूर्ण सोडून जावं आणि पुन्हा पूर्ण थांबावं. मधल्या जागेत रिक्षा शिरेल. शिरू द्यावी. क्लच प्लेटचं बिल रिक्षावाला भरत नाही.

चढावरच्या कोंडीत हीच चूक महागात जाते. शनिवारी सकाळी खंबाटकी घाटात वाहनांची रांग लागली, की काही जण ब्रेक न दाबता नुसत्या रेसवर गाडी चढावर तोलून धरतात. मॅन्युअलमध्ये अर्ध्या क्लचवर करायची तीच जुनी करामत. पाच-दहा मिनिटांत जळका, उग्र वास येतो आणि समोर इशाऱ्याचा दिवा लागतो. चढावर गाडी धरायचं काम ब्रेकचं. हिल होल्ड असेल तर पाय उचलल्यावर दोन-तीन सेकंद गाडी मागे येत नाही, तेवढ्यात रेस द्यावी. नसेल तर हँडब्रेक ओढावा, रेस द्यावी, गाडी पुढे ताण घेते आहे असं जाणवलं की हँडब्रेक सोडावा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलेली ही गोष्ट ऑटोमॅटिकमध्येही कालबाह्य झालेली नाही.

चढापेक्षा उतार मात्र फार वेगळी परीक्षा घेतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वेग, रेस आणि भार कळतो, समोरचं वळण दिसत नाही. उतारावर चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की गिअरबॉक्स समजतो, 'आता निवांत', आणि वरचा गिअर टाकतो. काही नव्या गाड्यांना उतार ओळखता येतो, पण त्यांच्या भरवशावर घाट उतरू नये. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला अडवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

तो भार किती, याचा हिशेब महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणाऱ्याने एकदा करून पाहावा. उंचीतला फरक सुमारे १,३०० मीटर. शाळेतलं भौतिकशास्त्र लावलं तर एवढ्या उंचीवरून खाली येताना गाडीची जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, ती ताशी १०० किलोमीटरच्या वेगातून गाडी ३३ वेळा पूर्ण थांबवण्याइतकी असते. गाडी लहान असो की मोठी, आकडा तोच. त्यातला मोठा वाटा टायर आणि वारा घेतात, बाकीचा इंजिनने घ्यायचा की ब्रेकच्या चकत्यांनी, हे चालक ठरवतो. त्याने काहीच ठरवलं नाही तर ब्रेक घेतात, आणि तापतात.

तापलेल्या ब्रेकचे दोन आजार. पहिल्यात पॅडची पकड कमी होते: पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरा जास्त वाईट, कारण त्यात ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल पोकळ होऊन खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, तेच ओल शोषल्यावर १५५ अंशांवर येऊ शकतं. डॉट ३साठी हे आकडे २०५ आणि १४०. कोकणात, मुंबईत, गोव्यात हवा वर्षातले कित्येक महिने ओली असते, म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा तिथे मेकॅनिकने माथी मारलेला खर्च नाही. टाकीतली पातळी बरोबर आहे म्हणून ऑइल चांगलं आहे, असं होत नाही.

उपाय उतार सुरू होण्याआधी करायचा. दांडा 'एम'मध्ये घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर, सीव्हीटीत 'एल' किंवा 'एस', पॅडल शिफ्टर असतील तर डावीकडचा. कोणता गिअर, याचा जुन्या ट्रकवाल्यांचा ठोकताळा अजून चालतो: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनचा आवाज वाढतो आणि काटा तीन-साडेतीन हजारांवर जातो. गाडीत बसलेले घाबरतात, पण त्याने इंजिनाचं काही बिघडत नाही, आणि काटा लाल पट्ट्यात जाईल इतका खालचा गिअर मागितला तर गाडीच नकार देते. मग ब्रेक वळणापूर्वी ठामपणे, थोडा वेळ दाबायचा आणि सोडायचा. सतत हलका घासत ठेवला तर चकत्यांना गार व्हायला उसंत मिळत नाही. जळका वास आलाच, तर रुंद जागा पाहून अर्धा तास थांबावं. तापलेल्या चकत्यांवर पाणी मात्र ओतू नये, त्या वाकतात किंवा तडकतात.

न्यूट्रलची गोष्ट इथे सांगायलाच हवी. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे आणि तिथे अवजड वाहनं न्यूट्रलमध्ये सोडण्याच्या सवयीची चर्चा दर मोठ्या अपघातानंतर होते. डिझेल वाचवायचा तो हिशेब. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तो हिशेबही चुकीचा आहे. गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतः चालू राहायला इंधन लागतं. म्हणजे 'एन' टाकून उतरणारा पैसे वाचवत नाही, उलट थोडे घालवतो आणि वर ब्रेकवरचा भार वाढवतो. ऑटोमॅटिकमध्ये तर दांडा एका बोटाने सरकतो, त्यामुळे मोह अधिक.

करकचून ब्रेक लावायची वेळ आली तर ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअलपेक्षा सोपी. इंजिन बंद पडण्याची भीती नाही, क्लच आठवायचा नाही. फक्त पेडल पूर्ण ताकदीने दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. भारतात एप्रिल २०१९पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. ते काम करू लागलं, की पेडल पायाखाली थरथरतं आणि खडखड आवाज येतो. अनेक जण नेमके तेव्हाच दचकून पाय सैल करतात. एबीएसचा फायदा असा, की चाकं जाम होत नाहीत आणि ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता येते. सुट्या खडीवर मात्र त्याने थांबायचं अंतर वाढतं, कमी होत नाही. कोरड्या डांबरावर ताशी ६० वेगात, विचार करायचा एक सेकंद धरून, साधारण ३७ मीटर लागतात. ताशी १००ला ८४च्या आसपास. वेग दुपटीहून कमी वाढला, अंतर दुपटीहून जास्त. रिकाम्या मैदानात किंवा पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही असं पाहून, ४०च्या वेगात ही थरथर एकदा अनुभवून ठेवावी. पहिली ओळख अपघाताच्या वेळी नको.

गाडी उभी करताना बहुतेक लोक उलटा क्रम लावतात: थांबले, 'पी' टाकला, ब्रेक सोडला, मग हँडब्रेक. उतारावर अशा वेळी गाडीचं सगळं वजन 'पी'च्या खुंटीवर येतं आणि निघताना दांडा ओढला की 'खट्ट' असा आवाज येतो. बरोबर क्रम: पायाचा ब्रेक दाबलेला, दांडा 'एन'मध्ये, हँडब्रेक ओढायचा, मग पायाचा ब्रेक सोडून गाडीला हँडब्रेकवर विसावू द्यायचं, शेवटी 'पी'. बऱ्याच एएमटी गाड्यांना 'पी' नसतोच. त्यांच्यात हँडब्रेक ओढून, दांडा 'डी' किंवा 'आर'मध्ये ठेवून आणि ब्रेक दाबूनच इंजिन बंद करायचं, म्हणजे गाडी गिअरमध्ये अडकून राहते. 'एन'मध्ये सोडून गेलेली एएमटी फक्त हँडब्रेकच्या तारेवर उभी असते.

विजेच्या गाडीवर आलेल्यांसाठी गणित थोडं बदलतं. तिथे ॲक्सिलरेटर सोडला, की मोटरच जनित्र होऊन गाडीचा वेग कमी करते आणि बॅटरी भरते. शहरात ब्रेकला क्वचितच पाय लागतो. त्यामुळे चकत्यांवर गंज चढतो, म्हणून अधूनमधून मुद्दाम ब्रेक दाबावा. आणि एक गंमत: बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि मोटरचा अडथळा कमी पडतो. म्हणून महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग लावलं असेल आणि सकाळी घाट उतरायचा असेल, तर ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर प्लग काढून घ्यावा. उरलेलं थोडं चार्जिंग पोलादपूरपर्यंत घाटच करून देतो.